समाधी कुठे आहे, आणि कोणाची नाही

द्वंद्व समासाची उदाहरणे फळ्यावर लिहायची वेळ आली की रामलक्ष्मण, भीमार्जुन यांच्या पाठोपाठ वर्गातून कोणीतरी ‘संताजी-धनाजी’ म्हणतेच. व्याकरणाच्या दृष्टीने उदाहरण निर्दोष आहे. दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची, विग्रह ‘आणि’ने होणारा. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीनात, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाने कधी ना कधी ऐकलेली असते. अशाच एका तासाला माण तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने उठून विचारले, “सर, संताजी मारले गेले ते धनाजींशी लढाई होऊन फौज फुटल्यावरच ना? मग हा समास कसा? आणि त्यांची समाधी आमच्या कारखेलला आहे, ते पुस्तकात का नाही?”

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. आमच्यापैकी एक जण सातारा जिल्ह्यात शिकवतो, दुसरा सांगलीत. साताऱ्याच्या वर्गातला हा प्रश्न सांगलीच्या स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांनी तत्काळ दुरुस्ती केली, “कारखेलला नव्हे, समाधी कुरुंदवाडला आहे.” त्यानंतर आमच्या बोलण्यात हा विषय वरचेवर येत राहिला. प्रारंभी आम्हांलाही वाटले की हा स्थलनिश्चितीचा प्रश्न आहे, तो इतिहासकारांनी सोडवावा, आपण साहित्याच्या माणसांनी त्यात कशाला पडावे? पण जसजसे वाचत गेलो तसतसे जाणवले की समाधी ‘कुठे’ हा प्रश्न ‘कोणी’ आणि ‘का’ या प्रश्नांपासून वेगळा काढता येत नाही. आणि ते दोन प्रश्न आपण आपल्या भाषेच्या सोयीने फार पूर्वीच मिटवून टाकले आहेत.

प्रथम घटनाक्रम. १६८९च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. त्या वेळच्या चकमकीत संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले. पुढच्या सहासात वर्षांत संताजींनी जे केले ते जगाच्या युद्धेतिहासात नोंदवावे असे आहे. १६९५च्या अखेरीस दोड्डेरीला त्यांनी कासिमखानाची फौज कोंडली. त्या वेढ्यातच खानाचा अंत झाला. लगेच १६९६च्या जानेवारीत बसवापट्टणजवळ हिंमतखान त्यांच्याशी लढताना पडला. यशाचे असे शिखर गाठलेला हा सेनापती त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १६९७च्या जूनमध्ये, शंभुमहादेवाच्या डोंगराच्या परिसरात एकाकी मारला गेला. त्याला मारणारे मोगल नव्हते.

मधल्या काळात जे घडले त्याला यदुनाथ सरकारांनी यादवी युद्ध असेच म्हटले आहे. राजाराम महाराज जिंजीला होते. सेनापतिपद, मानमरातब आणि वतने यांवरून संताजी आणि धनाजी जाधव यांच्यात वितुष्ट वाढले. महाराज धनाजींच्या बाजूला झुकले. १६९६च्या जूनमध्ये दक्षिणेत आयेवारकुटीजवळ दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडले आणि संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिले. स्वतः महाराजही हाती आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी संताजी त्यांच्यापुढे हात बांधून उभे राहिले आणि आपण पूर्वीचेच सेवक आहोत असे म्हणाले, असा वृत्तान्त आहे. पुढे त्यांचे सेनापतिपद गेले. १६९७च्या मार्चमध्ये धनाजी महाराष्ट्रात परतले, पुन्हा लढाई झाली, आणि संताजींच्या करड्या शिस्तीला कंटाळलेले सरदार एकेक करून धनाजींना जाऊन मिळाले. मूठभर माणसांनिशी संताजी माणदेशात शिरले.

म्हसवडचे नागोजी माने कधी मोगलांकडे, कधी मराठ्यांकडे असत. त्यांच्या पत्नी राधाबाई या हत्तीच्या पायी गेलेल्या अमृतरावांच्या भगिनी. यापुढे पाठभेद सुरू होतात. खाफीखान सांगतो की थकलेले संताजी ओढ्यावर स्नान करीत असताना नागोजींनी त्यांना गाठले आणि शिर कापून घेतले. भीमसेन सक्सेनाच्या आधारे येणारा वृत्तान्त वेगळा आहे. त्यात नागोजी शरण आलेल्या संताजींना आश्रय देतात आणि सुखरूप वाटेला लावतात. पण राधाबाईंच्या मनातली आग विझलेली नसते, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांचा दुसरा भाऊ पाठलाग करतो. हे दोघेही मोगलांच्या बाजूने लिहिणारे. सेतुमाधवराव पगडींनी अशी फार्सी साधने मराठीत आणली नसती तर आपल्यापैकी बहुतेकांना हे पाठभेद कळलेही नसते.

पुढचा भाग मात्र स्पष्ट आहे. घोड्याला बांधलेल्या पिशवीतून ते शिर मोगलांच्या हाती पडले आणि बादशहाकडे गेले. औरंगजेबाची छावणी तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती; त्याने त्या गावाचे नाव इस्लामपुरी ठेवले होते. ही वार्ता आणणाऱ्याला ‘खुशखबरखान’ असा किताब मिळाला. शिर छावणीत आणि दख्खनच्या शहरांत मिरवण्याचा हुकूम झाला.

म्हणजे धड माणदेशात आणि शिर शत्रूच्या छावणीत. समाधी कुठे, या प्रश्नाची अडचण इथूनच सुरू होते. कारखेल ही मृत्यूच्या परिसरातली जागा. जिथे माणूस पडला तिथल्या मातीने त्याची आठवण धरून ठेवली. कुरुंदवाड ही कुळाच्या मुलखातली जागा. आज ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात असले तरी सांगली-मिरजकरांना ते नृसिंहवाडीइतकेच जवळचे. आणि मिरजेच्या देशमुखीच्या नात्याने घोरपडे घराण्याचा या मुलखाशी संबंध होता. माणूस जिथे मरतो तिथे एक समाधी आणि ज्यांचा असतो त्यांच्याकडे दुसरी, यात आम्हांला विसंगती वाटत नाही. शेवटी आपल्याकडे समाधी म्हणजे युरोपातली कबर नव्हे. दहन झाले, अस्थी प्रवाहात गेल्या, उरले ते वृंदावन, पादुका, चौथरा. त्याच्या खाली खणून कोणाचा पक्ष सिद्ध होणार नाही. शोध घ्यायचा तो कागदांत. समाधीच्या दिवाबत्तीसाठी, पूजेअर्चेसाठी इनाम जमिनी लावून दिल्या जात. कोणी, कोणत्या साली आणि कोणाच्या नावे लावून दिल्या हे जिथे सापडेल, तिथे स्मरणाचा माग लागेल. तो माग पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या दप्तरांतून काढणे हे संशोधकाचे काम आहे. दोन गावांनी एकमेकांना खोटे ठरवण्याची गरज नाही.

मग आमचे म्हणणे काय? आमचे म्हणणे असे की कारखेल की कुरुंदवाड या वादात आपण जो उत्साह दाखवतो, तो एका अवघड प्रश्नापासून आपल्याला सुखरूप दूर ठेवतो. जागेवर भांडता येते, कारण जागेचा अभिमान वाटतो. मरणाचा अभिमान वाटत नाही. ते मरण आपणच घडवलेले आहे.

आता भाषेकडे पाहू. असल्या मरणासाठी मराठीत तीन शब्द आहेत. पहिला ‘भाऊबंदकी’. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९मध्ये याच नावाचे नाटक लिहून नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा विषय रंगभूमीवर आणला. मोठे धाडस होते ते. पण रोजच्या वापरात हा शब्द बांधाच्या आणि विहिरीच्या भांडणाला लावला जातो, आणि एका राज्याच्या दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या हे त्यात मावत नाही. दुसरा शब्द ‘फितुरी’. हा सर्वांत सोयीचा. त्यात दोषी माणूस एकच असतो आणि बाकी सारे निर्दोष सुटतात. आमच्या उत्तरपत्रिकांत हे ठळक दिसते. ‘संताजी लढले’, ‘धनाजी परतले’, पण ‘नागोजीने दगा दिला’. आदरार्थी बहुवचनाच्या एका प्रत्ययात निकाल लागून जातो. म्हणून या लेखात आम्ही या यादवीतल्या सर्वांनाच एक व्याकरण लावले आहे.

तिसरा शब्द ‘यादवी’. तो महाभारताच्या मौसलपर्वातून आला. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांना मारले, हातात आलेले लव्हाळेही मुसळ झाले. या शब्दात एकटा खलनायक कोणी नाही. सगळे कूळच त्यात आहे. संताजींच्या मृत्यूला हाच शब्द शोभतो. तो लावला की नागोजींच्या तलवारीमागे उभी असलेली सारी मंडळी दिसू लागतात. सेनापतिपद देणारे आणि काढून घेणारे महाराज दिसतात. तोडीचा पराक्रमी पण तोडीचाच महत्त्वाकांक्षी प्रतिस्पर्धी दिसतो. धन्याची शिस्त असह्य झाली म्हणून रातोरात छावणी बदलणारे सरदार दिसतात. औरंगजेबाच्या आमिषाला उत्तर म्हणून वतने वाटणे भाग पडलेली राज्यव्यवस्था दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास आज्ञापत्रात वतनदारांच्या वृत्तीबद्दल जो इशारा दिला, तो एम.ए.ला आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. पण त्यामागे असा जिवंत अनुभव होता हे वर्गात क्वचितच सांगतो. आणि हो, या चित्रात स्वतः संताजीही दिसतात, हाती सापडलेल्या मराठी सरदाराला हत्तीच्या पायी देणारे.

इथे आम्ही आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडा पुढे नेऊ इच्छितो. संताजींची समाधी कुठे, असे दोन जिल्हे विचारतात. अमृतराव निंबाळकरांची कुठे, असे कोणी विचारत नाही. ते याच यादवीत, याच मराठी फौजेकडून मारले गेले. त्यांना लढाईतले मरणही लाभले नाही. घरापासून शेकडो कोस दूर त्यांचे शरीर चिरडले गेले, आणि त्या बातमीने म्हसवडच्या घरात जे पेटले त्यातून पुढचे मरण उभे राहिले. साहित्याच्या माणसाला तरी हे दिसायला हवे की या कथेच्या मध्यभागी एक बहीण आहे. तिच्या भावाची चिता कोणी रचली, हे तिला कळले असेल का? इतिहासाने तिला सूडाचे कारण म्हणून एका वाक्यापुरते ठेवले. आणि आयेवारकुटीला दोन्ही बाजूंनी पडलेले बारगीर आणि शिलेदार? त्यांतली किती पोरे विशी-पंचविशीतली असतील. त्यांचा शत्रू त्यांच्यासारखीच भाषा बोलत होता, जेजुरीला आणि शिंगणापूरला त्यांच्यासारखाच नवस बोलत होता. आपल्या गावागावांत देवळाबाहेर वीरगळ उभे आहेत, बहुतेक निनावी. गाईंसाठी, गावासाठी, धन्यासाठी पडलेल्यांचे ते दगड. आपल्याच माणसाच्या हातून पडलेल्याचा दगड असा वेगळा ओळखू येत नाही.

महाभारताने हा प्रश्न टाळलेला नाही. स्त्रीपर्वात युद्ध संपलेले आहे आणि स्त्रिया कुरुक्षेत्रावर आपापली माणसे शोधत आहेत. युधिष्ठिर विदुरादिकांना सांगतो, सर्वांचे दहन करा. त्यात कौरवांकडचे आले, पांडवांकडचे आले. दूरदेशांहून आलेले, ज्यांच्यासाठी रडायला तिथे कोणी नव्हते, अशांचीही चिता रचली गेली. मग गंगेकाठी जलदानाची वेळ आली तेव्हा कुंती म्हणाली, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. ज्याला शत्रू म्हणून मारले त्याचे नाते जलदानाच्या क्षणी उघड झाले. अंत्यविधी हा सत्य सांगण्याचा शेवटचा प्रसंग असतो, आणि तो टळला की सत्य पुढच्या पिढ्यांवर येऊन पडते, हे व्यासांना ठाऊक होते.

ग्रीकांनाही ठाऊक होते. सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’त थीब्जच्या यादवीत दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. राजा क्रिऑन एकाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याला उघड्यावर टाकण्याचा हुकूम देतो. बहीण तो हुकूम मोडते. हे नाटक शिकवताना आपण व्यक्ती आणि राज्यसत्ता असा संघर्ष सांगतो, तो आहेच. पण त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. यादवीत मेलेल्या दोघांपैकी एकालाच आठवायचे, असे राज्याने ठरवलेले असते. अमृतरावांबाबत आपण कोणताही हुकूम न काढता तेच केले.

आणि हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही. स्पेनच्या यादवीच्या प्रारंभी, १९३६च्या ऑगस्टमध्ये, कवी लोर्का यांना ग्रानादाजवळ गोळ्या घालण्यात आल्या. २००९मध्ये तिथल्या आल्फाकार गावी उत्खनन झाले. अवशेष सापडले नाहीत. त्याच देशात फ्रँकोने माद्रिदजवळच्या दरीत विजयाचे प्रचंड स्मारक उभारले आणि त्यात दोन्ही बाजूंच्या ३३ हजारांहून अधिक मृतांचे अवशेष आणून ठेवले. पराभूतांचे कित्येकदा कुटुंबीयांना न विचारता. दोन्ही पक्षांना एकत्र ठेवल्याने समेट झाला नाही, कारण कोणी कोणाला का मारले हे तिथे सांगितलेले नव्हते. २०१९मध्ये खुद्द फ्रँकोचे अवशेष तिथून हलवावे लागले. स्पेनमध्ये हाडे सापडू शकतात, म्हणून तिथे खणतात. आपल्याकडे हाडे नाहीत. म्हणून आपल्याला शब्दच खणावे लागतील.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानत नाही. या घराण्यांचे वंशज आजही याच भागात राहतात. तीनशे वर्षांपूर्वीचे वैर उकरून आज आडनावांवरून दुरावा निर्माण करायचा का? सध्याच्या हवेत असा दुरावा निर्माण व्हायला फारसे निमित्त लागत नाही, हेही खरे. आमचे उत्तर असे की वैर फितुरीच्या कथेने जिवंत राहते. फितुरीच्या कथेत एका आडनावावर कायमचा डाग असतो आणि त्या आडनावाचा विद्यार्थी आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. तो तास चालू असताना खाली पाहत बसतो, हे आम्ही पाहिले आहे. यादवीची कथा सांगितली तर दोष एका घराण्याचा उरत नाही. तो सर्वांमध्ये वाटला जातो, आणि वाटून घेतलेला दोष सोसता येतो. नागोजींच्या एका वृत्तान्तात शरणागताला दिलेला आश्रयही आहे. तो पाठ विद्यार्थ्यांना न सांगणे हा शिक्षक म्हणून आमचा दोष ठरेल.

दुसरा आक्षेप साहित्यातून येतो. ऐतिहासिक कादंबरीला नायक लागतो, खलनायक लागतो; पाठभेदांवर कादंबरी उभी राहत नाही. हेही आम्हांला पटत नाही. ज्या माणसाने कासिमखानाला कोंडले आणि अमृतरावांना हत्तीपुढे टाकले तो एकच माणूस आहे, आणि राजाला पकडून त्याच्याचपुढे हात बांधून उभा राहणाराही तोच. याहून मोठा नायक कादंबरीकाराला कुठे मिळणार? माण तालुक्यातल्या आणि शेजारच्या आटपाडीच्या माळावरची साधी माणसे व्यंकटेश माडगूळकरांनी गुणदोषांसह उभी केली, तेव्हा वाचकांनी ती नाकारली नाहीत, आपलीशी केली. साध्या माणसांना जो न्याय मिळाला तो सेनापतींना का मिळू नये?

म्हणून आमची सूचना छोटी आहे. कारखेलला आणि कुरुंदवाडला, दोन्हीकडे, नमस्कार करावा. पण तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहलीत शिक्षकाने पराक्रमाच्या तारखांबरोबर १६९६चा जून आणि १६९७चा मार्चही सांगावा. खाफीखानाचा आणि भीमसेनाचा असे दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचून दाखवावेत; कोणता खरा हे लगेच ठरवू नये. आणि संताजींच्या नावाबरोबर अमृतरावांचे नाव एकदा तरी उच्चारावे. ज्यांची नावेही उरली नाहीत त्यांच्यासाठी क्षणभर थांबावे. स्त्रीपर्वातल्या त्या निनावी चितांसारखे.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला आम्ही सांगितले की ‘संताजी-धनाजी’ हा समास बरोबरच आहे. फळ्यावरचे उदाहरण पुसले नाही. फक्त ‘द्वंद्व’ या शब्दाचे कोशातले दोन्ही अर्थ त्याच्या बाजूला लिहिले. एक जोडी, दुसरा झुंज. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, “सर, मग अमृतरावांचं काय? त्यांचं कोणाबरोबर?” त्याचे उत्तर आम्हांला देता आले नाही.